लाकडी, ॲल्युमिनियमचा की कार्बनचा? घरी बांधलेल्या विमानासाठी नाशिकच्या हवेत कुठला प्रोपेलर घ्यावा

विमानाचा सांगाडा उभा राहिला, ऐंशी-शंभर अश्वशक्तीचं इंजिन बसलं, की प्रोपेलरचा निर्णय बहुतेकजण किमतीवर घेतात. माझं म्हणणं असं की नाशिकमध्ये तो इथल्या हवेकडे बघून घ्यावा, आणि टॉर्क रेंच (बोल्ट ठरावीक जोराने आवळायचा पाना) हातात कोण धरणार आहे ते बघून घ्यावा.

लाकडी प्रोपेलर मला मनापासून आवडतो. हलका असतो, इंजिनाची कंपनं पोटात घेतो, आणि धातूला वारंवारच्या ताणाने जशी तडा जाते तशी लाकडाला सहसा जात नाही. पण लाकूड ओलावा पितं. जुलै-ऑगस्टमध्ये आठवडेच्या आठवडे हवा ओलीकच्च असते, आणि मार्च-एप्रिलमध्ये इतकी कोरडी की घरची दारंसुद्धा आकसतात. पावसाळ्यात हब (प्रोपेलरचा मधला, बोल्ट जातात तो भाग) फुगतो आणि बोल्टच्या प्लेटखालचं लाकूड चेपतं. उन्हाळ्यात तोच हब आकसला की बोल्ट सैल पडतात. इथेच धोका आहे, कारण लाकडी प्रोपेलर मुख्यतः हब आणि इंजिनाची फ्लँज (हब टेकतो ती चकती) यांच्यातल्या घट्ट पकडीवर फिरतो. पकड सुटली की हब फ्लँजवर घासतो, उष्णतेने लाकूड करपतं, भोकं लंबगोल होतात आणि शेवटी बोल्ट तुटतात. प्रोपेलर उतरवल्यावर हबच्या पाठीवर काळा, करपलेला डाग दिसला तर तो परत बसवू नका.

म्हणून बोल्टचा टॉर्क, म्हणजे आवळण्याचा जोर, पहिल्या उड्डाणानंतर, मग 25 तासांनी, त्यानंतर निदान दर 50 तासांनी तपासायचा, आणि ऋतू बदलला की तास न मोजता. बोल्ट समोरासमोरचे, थोडे थोडे आवळत जायचे. विमान उभं करताना पाती आडवी ठेवा. उभी ठेवली तर ओल खालच्या पात्यात उतरते आणि तोल बिघडतो.

ॲल्युमिनियमच्या प्रोपेलरला पाऊस-उन्हाचं फारसं सोयरसुतक नाही, आणि तेवढ्यावरच लोक भुलतात. त्याचा शत्रू खडा आहे. मुरमाच्या धावपट्टीवर इंजिन जोरात फिरवलं की पात्याच्या पुढच्या कडेला खाच पडते, आणि त्याच खाचेतून तडा सुरू होऊ शकते. नख अडकलं तर खाच दुर्लक्ष करण्याजोगी नाही. उत्पादकाने दिलेल्या मर्यादेत ती कानशीने पात्याच्या लांबीच्या दिशेने घासून गुळगुळीत करायची. पात्याचं टोक हवेत तुटलं तर उरलेल्या असमतोलाने इंजिन माउंटमधून (त्याला धरून ठेवणाऱ्या चौकटीतून) निखळू शकतं. अंबड-सातपूरच्या औद्योगिक वसाहतीत हवं ते मशीनिंग करून मिळतं, पण तिथे टोक कापून घेणं किंवा वाकलेलं पातं सरळ करून घेणं हा विचारही नको. लांबी बदलली की पात्याची कंपनाची वारंवारिता बदलते. एखाद्या इंजिनावर कंपनचाचणी न झालेला धातूचा प्रोपेलर मी त्यावर लावणार नाही, फुकट मिळाला तरी.

जमिनीवर पिच (पात्यांचा कोन) बदलता येणारा कार्बनचा प्रोपेलर महाग पडतो, पण नाशिकसाठी त्याच्यात एक मोठा गुण आहे. आपण समुद्रसपाटीपासून सुमारे 600 मीटरवर आहोत. मे महिन्यात पारा 40 अंशांवर गेला की इथली हवा सुमारे 1,600 मीटर उंचीवरच्या हवेइतकी विरळ होते. तेव्हा पिच थोडी कमी केली तर उड्डाणाच्या वेळी आरपीएम (मिनिटाला होणारे फेरे) नीट मिळतो, मात्र पूर्ण थ्रॉटलला मर्यादा ओलांडत नाही ना ते तपासा. सगळ्या पात्यांचा कोन अगदी सारखा हवा, नाहीतर थरथर सुरू होते. पात्यावर नाण्याने टिचकी मारत जा: खणखणीत आवाज बरा, मध्येच बद्द आवाज आला तर थर सुटला आहे.

थोडक्यात, पहिलंच विमान असेल आणि पैशाची सोय होत असेल तर कार्बन. दर ऋतूला स्वतः टॉर्क तपासणार असाल तर लाकडी बिनधास्त घ्या. धातूचा फक्त कंपनचाचणी झालेल्या इंजिन-प्रोपेलरच्या जोडीतच. बोल्ट तिन्हींसाठी विमानाच्याच दर्जाचे, हार्डवेअरच्या दुकानातले नव्हेत. आणि प्रोपेलर जमिनीला लागला तर लाकडी-कार्बनची पाती मोडतात म्हणून इंजिन वाचलं असं धरू नका, तेही तपासून घ्या.

कुठलाही घेतलात तरी तो हाताने फिरवताना इंजिन चालू होणारच असं समजून उभे राहा. इग्निशनची अर्थिंगची वायर (स्विच बंद केल्यावर ठिणगी थांबवणारी) तुटली असेल तर स्विच बंद असूनही ठिणगी पडते. म्हणून इंजिन थांबवण्याआधी आयडलवर (इंजिन अगदी मंद फिरत असताना) इग्निशनचे दोन्ही स्विच क्षणभर बंद करून बघा. इंजिनाने लगेच मान टाकली नाही तर वायर सापडेपर्यंत पात्याला कुणालाही हात लावू देऊ नका.