सही कुठे आहे : शहापुरातल्या एका फ्रेमच्या दुकानाविषयी

बेळगावच्या शहापूर भागात, एका अरुंद गल्लीत, चित्रांना आणि फोटोंना फ्रेम करून देणारे एक दुकान आहे. गेल्या दीड वर्षात मी तिथून ११ फ्रेम करून घेतल्या; त्यांपैकी ९ माझ्या स्वतःच्या जलरंगातील चित्रांच्या होत्या आणि २ घरातल्या जुन्या फोटोंच्या. हाताशी काम भरपूर असल्यामुळे दुकानाचे नाव कुठे लिहू नये, अशी मालकांची इच्छा आहे आणि ती मी पाळणार आहे. शहापुरात चौकशी केली तर जाणकार माणसे नेमके तिथेच नेऊन सोडतात.

मी खानापूर तालुक्यातल्या एका हायस्कुलात ३१ वर्षे चित्रकला शिकवली. निवृत्तीनंतर येळ्ळूरचा राजहंसगड, त्याच्या पायथ्याची भाताची शेते, बेळगावच्या किल्ल्यातली कमल बस्ती अशा जागी सकाळी जाऊन रंगवण्याचा नेम ठेवला. कमल बस्तीचे एक चित्र मला विशेष प्रिय होते. तेराव्या शतकाच्या आरंभी, रट्ट राजांच्या काळात उभारलेल्या त्या जैन मंदिरात छताला जे दगडी कमळ आहे, त्याच्या पाकळ्यांवर खालून उजळत गेलेला प्रकाश मला त्या दिवशी बऱ्यापैकी साधला होता. शहरातल्या दुसऱ्या एका दुकानात त्याला फ्रेम करून घेतली. त्यांनी चित्राच्या पाठीला सगळीकडे गोंद लावून ते हार्डबोर्डला चिकटवले आणि वरून काच थेट कागदाला टेकवून बसवली. दोन पावसाळ्यांत चित्रावर तपकिरी ठिपके उमटले, आभाळाचा भाग काचेला चिकटला आणि सोडवायला गेलो तेव्हा रंगासकट निघून आला. शहापूरच्या दुकानात मी पहिल्यांदा गेलो तो हे चित्र घेऊनच.

मालक साठीच्या आसपासचे आहेत. त्यांनी चित्र उजेडाकडे धरून पाठीमागून पाहिले आणि हे आता पूर्ववत होणार नाही, हे स्पष्टपणे पण हळू आवाजात सांगितले. दुकानात त्या वेळी आणखी दोन गिऱ्हाईके होती आणि त्यांना ऐकू जाणार नाही इतकाच तो आवाज होता. नंतर पिशवीतली दुसरी चित्रे त्यांनी एकेक करून टेबलावर मांडली. माझ्याकडून ती चित्रे घेताना त्यांनी कागद कडेला धरला, रंगवलेल्या भागावर बोट टेकू दिले नाही, आणि पहिला प्रश्न विचारला, "सर, हे कुठल्या भिंतीला लावणार?"

मी म्हणालो की ते अजून ठरलेले नाही. त्यावर त्यांनी वही बाजूला ठेवली. "मग ठरवून या की. घाई काय हाय? पश्चिमेची भिंत असली तर पावसाची झड येते, ओल धरते. खिडकीसमोर लावणार असलात तर ऊन येते. त्याच्यावर सगळे ठरते बघा."

जलरंगात काम करणाऱ्यांसाठी यातला तपशील महत्त्वाचा आहे. जून ते सप्टेंबर या काळात आपल्याकडे हवेत जो दमटपणा असतो, तो कापसाचा चांगला कागदही शोषून घेतो आणि पंखा लागला, ऊन पडले की सोडून देतो. या फुगण्या-आकसण्याला जागा मिळाली नाही तर कागदाला लाटा येतात. म्हणून इथे चित्राची पाठ कुठेही पूर्ण चिकटवत नाहीत. फक्त वरच्या कडेला, गव्हाच्या खळीने लावलेल्या पातळ कागदाच्या दोन बिजागऱ्यांवर ते टांगलेले असते. चित्राच्या आणि काचेच्या मध्ये माउंटबोर्डाची, म्हणजे मधे खिडकी कापून चित्राभोवती बसवलेल्या पुठ्ठ्याची, जाडी येते आणि हवेला वाव राहतो. माउंटबोर्ड आम्लमुक्त घेतात, कारण साधा पुठ्ठा काही वर्षांत स्वतः पिवळा पडतो आणि त्याला टेकलेल्या कडेलाही पिवळे करतो. फ्रेमच्या मागच्या खालच्या दोन कोपऱ्यांना बुचाचे छोटे तुकडे लावतात, म्हणजे फ्रेम भिंतीपासून सुटी राहते आणि मागून वारा खेळतो. माउंटची खिडकी ४५ अंशांच्या तिरप्या कापाने कापतात आणि चारही कोपऱ्यांत पाते पुढे सरकल्याची रेघ दिसत नाही. ज्याने हे काम हाताने करून पाहिले आहे त्यालाच त्या न दिसणाऱ्या रेघेची किंमत कळेल. पट्ट्यांचे सांधे मी मुद्दाम नखाने तपासले. सागवानी पट्टीचे सांधे दीड वर्षाने आजही मिटलेले आहेत. सिंथेटिक पट्टीच्या एका फ्रेमचा कोपरा मात्र केसाएवढा उघडला आहे, तेव्हा थोडे पैसे जास्त गेले तरी लाकूडच घ्यावे, असे माझे मत आहे.

पहिल्या दोन-तीन भेटींत मला एका गोष्टीचे वाईट वाटले होते. त्यांनी माझ्या चित्रांबद्दल एक अक्षरही उच्चारले नाही. ज्या गावात के. बी. कुलकर्णी यांच्यासारख्या गुरूंनी पिढ्या घडवल्या, रवी परांजपे यांच्यासारखा चित्रकार ज्यांच्या हाताखाली शिकला, त्या गावात फ्रेमच्या दुकानदारालाही चित्रातले कळत असते, अशी माझी समजूत आहे आणि हे गृहस्थ तर तरुणपणापासून बेळगावच्या चित्रकारांची कामे हाताळत आले आहेत. शेवटी मीच विचारले की चित्र कसे वाटले. त्यांनी राजहंसगडाच्या चित्रातल्या मावळतीच्या लाल रंगावर बोट न टेकवता ते वरून फिरवले आणि विचारले, "हा लाल कुठला वापरलासा?" अॅलिझरिन क्रिमसन आहे, असे मी सांगितले. ते म्हणाले, "हा उन्हात उडतो सर. दिवाणखान्यात नको, आतल्या खोलीत लावूया. पुढच्या वेळेला दुसरा लाल बघा."

घरी येताना मी त्यावर पुष्कळ विचार केला. मला हवी होती ती दाद किंवा निदान टीका, म्हणजेच माझ्याविषयीचा निवाडा. त्यांनी दिला तो चित्राविषयीचा निवाडा, आणि तो अचूक होता. अॅलिझरिन प्रकाशात फिका पडतो हे मी पुस्तकातून वाचले होते, वर्गात मुलांना सांगितलेही होते आणि तरी सवयीने तोच रंग वापरत होतो. त्यांनी दाखवलेला दोष माझ्या हातून सुधारण्यासारखा होता. माझी रेषा कमकुवत आहे की नाही, माझ्या आभाळात नेहमीचाच एक सराईतपणा आला आहे की नाही, याविषयी त्यांना मत असणारच. पण ते फ्रेम करायला आलेल्या माणसाने विचारले म्हणून गल्ल्यापाशी उभे राहून द्यायचे मत नाही, असे त्यांनी ठरवलेले दिसते.

कलेची पारख करू नये, सगळेच चांगले म्हणावे, असे मला म्हणायचे नाही. मी स्वतः पारख करण्याचे काम केले आहे आणि ते आवश्यक आहे असे आजही मानतो. ड्रॉइंग ग्रेड परीक्षेला बसणाऱ्या मुलाला वस्तुचित्रातला लंबवर्तुळाचा दोष दाखवला नाही तर आपण त्याला फसवतो. गणेशोत्सवातल्या, शिवजयंतीच्या कितीतरी चित्रकला आणि रांगोळी स्पर्धांचा मी परीक्षक होतो आणि माझे निकाल बहुतेक बरोबर होते, असे मला वाटते. पण एका वर्षी एका मुलीच्या चित्रापाशी थांबून, तिच्या आईसमोर आणि इतर मुलांसमोर, मी म्हणालो होतो, "हे चित्र नव्हे, कॅलेंडरची नक्कल आहे." ते खरे होते. ती मुलगी पुढच्या वर्षी आली नाही, त्याच्या पुढच्या वर्षीही आली नाही. निवृत्त झालो तेव्हा स्पर्धांची जपून ठेवलेली चित्रे मी घरी आणली. ती सगळी बक्षीसपात्र चित्रे आहेत, त्यामुळे तिचे चित्र त्यांत नाही आणि मला तिचे नावही आठवत नाही. नक्कल कुठे संपते आणि आपले बघणे कुठे सुरू होते, हे तिला शेजारी बसवून पाच मिनिटांत दाखवता आले असते. कॅलेंडरमधल्या देवीचा चेहरा तसाच ठेवून साडीचे काठ मात्र तिने आपल्या घरातल्या इरकलीचे काढले होते, हे मला आज स्पष्ट आठवते. सुरुवात तिथून करता आली असती.

या आठवणीला कारण दुकानातला एक प्रसंग झाला. माझ्या चित्राचे माप घेताना मालकांनी विचारले, "सही कुठे आहे?" माझी सही उजवीकडे अगदी कडेला होती आणि नेहमीच्या मापाने माउंट कापला असता तर ती झाकली गेली असती. त्यांनी खिडकी त्या बाजूने पाव इंच वाढवली आणि नजरेला तोल बिघडलेला वाटू नये म्हणून डावीकडेही तेवढीच वाढवली. मला वाटले, चित्रकार म्हणून माझा मान राखला. माझ्यानंतर एक लहान मुलगा आजोबांबरोबर आला होता. त्याच्याकडे खडूने रंगवलेला गणपती होता, ड्रॉइंगच्या वहीतून फाडलेल्या कागदावर. मालकांनी तो कागदही तसाच कडेला धरून घेतला, टेबलावर पसरला आणि अगदी त्याच स्वरात विचारले, "सही कुठे आहे?" मुलगा म्हणाला, केली नाही. त्यांनी त्याला पेन्सिल दिली आणि त्याची सही होईपर्यंत हातातले माप तसेच धरून ठेवले.

पुढच्या खेपेला एक बाई भरतकामाचा मोर घेऊन आल्या होत्या. त्या कन्नड बोलत होत्या; मालकांनी "बर्री अक्का, कुंद्री" म्हणून त्यांना बसायला जागा दिली आणि पुढचे सगळे संभाषण कन्नडमध्येच झाले. कापडाला टाचण्या कुठे लावायच्या, मागून दोऱ्याने ताणून कसे घ्यायचे, काच किती दूर ठेवायची, हे त्यांनी सविस्तर समजावले आणि सहीचा प्रश्न इथेही विचारलाच. भरतकामावर कोण सही करतो, असे म्हणून त्या हसल्या. मालकांनी काम घेतले नाही. घरी नेऊन एका कोपऱ्यात नाव टाकून आणा, असे सांगितले. मला त्या क्षणी हा अट्टहास वाटला. दहा दिवसांनी मी माझी फ्रेम न्यायला गेलो तेव्हा तो मोर तयार होऊन भिंतीला टेकवून ठेवलेला होता आणि त्याच्या पायाशी, पिसाऱ्यातल्याच निळ्या दोऱ्याने, कन्नड लिपीत बारीक नाव भरलेले होते. मला ती लिपी वाचता येते. चित्रकलेचा शिक्षक म्हणून बोलायचे तर मोराची मान जाड आहे आणि पिसारा साच्यातून उतरवलेला आहे. परंतु ते नाव भरताना हात कुठेही डगमगलेला नाही, आणि त्या कामात मला सर्वांत जिवंत वाटलेला भाग तोच होता.

आता तक्रारी. इथे वेळ फार लागतो. मला ८ दिवसांचा वायदा मिळाला आणि काम हाती पडायला १७ दिवस लागले. मी याबद्दल रागाने बोललो, तेव्हा त्यांनी मागच्या बाकावर ओळीने ठेवलेले चार फोटो दाखवले. ते नुकत्याच निवर्तलेल्या माणसांचे होते आणि प्रत्येकाच्या पाठीवर खडूने दिवसकार्याची तारीख घातलेली होती. असा फोटो आला की बाकीची सगळी कामे मागे जातात, हा दुकानाचा नियम आहे. त्याची पूर्वकल्पना गिऱ्हाईकाला द्यायला हवी, असे मी त्यांना सांगितले आणि ते त्यांना पटले. परंतु नियमाबद्दल मला आता तक्रार राहिलेली नाही. काम झाले की फोन येत नाही, आपणच चौकशी करावी लागते. चकाकी नसलेली काच मागितली तर ते देतात, पण तिने जलरंगांचा ताजेपणा मळकट होतो. साधी काच घेणे बरे. १५ बाय २२ इंचांच्या चित्राला आम्लमुक्त माउंट, काच आणि सागवानी पट्टी धरून मला १,४५० रुपये पडले. सिंथेटिक पट्टीत तेच ९०० रुपयांत होते. शहरात याहून स्वस्त फ्रेम मिळते आणि माझी कमल बस्ती तशाच फ्रेममध्ये गेली.

राजहंसगडाचे ते चित्र आता आतल्या खोलीत, उत्तरेच्या भिंतीवर आहे. पूर्वी चित्र पूर्ण झाले की मी ते फाइलमध्ये ठेवत असे आणि एखाद्या प्रदर्शनात कोणी चार शब्द बोलले तरच ते झाल्याचे समाधान मिळे. आता ते रोज सकाळी चहा घेताना समोर असते. काही दिवस त्याचे आभाळ खोटे वाटते आणि काही दिवस खालच्या वाफ्यांतले पाणी मन धरून ठेवते. कोणी पाहुणा आला आणि काही बोलला नाही, तरी मला आता चुकल्यासारखे होत नाही. गेल्या महिन्यात त्याच जागी पुन्हा जाऊन रंगवले, या वेळी न उडणारा लाल घेऊन, आणि सही कडेपासून दोन बोटे आत केली. कमल बस्तीच्या छताचेही पुन्हा करणार आहे.

दुकान गुरुवारी बंद असते. दुपारी जेवणाच्या वेळी जाऊ नये, कारण मालक एकटेच असतात. गल्लीत गाडी लावायला जागा नाही. चित्र गुंडाळी करून नेऊ नका, दोन पुठ्ठ्यांच्या मध्ये सपाट न्या. आणि जाण्याआधी घरातली भिंत ठरवून तिची लांबी-रुंदी मापून, खिडकी कोणत्या बाजूला आहे तेही लिहून न्या, म्हणजे दुसरी खेप पडणार नाही.