मसल: उघडून वाचता येणारी सी लायब्ररी

लिनक्सवर हलकी स्टॅटिक बायनरी (लागणारा लायब्ररीचा कोड पोटातच असलेली प्रोग्रामची फाइल) हवी असेल तर जीलिबसीशी, म्हणजे लिनक्सच्या नेहमीच्या सी लायब्ररीशी, झगडण्यापेक्षा मसल घ्या. रिच फेल्करची ही लायब्ररी २०११ पासून आहे, परवाना एमआयटी. अल्पाइन लिनक्स २०१४ पासून तिच्यावरच चालतं.

डेबियनवर मसल-टूल्स पॅकेज टाका, मसल-जीसीसीला स्टॅटिकचा पर्याय देऊन प्रिंटएफचा एका ओळीचा प्रोग्राम कंपाइल करा, वर स्ट्रिप (फाइलमधली अनावश्यक माहिती काढणारा प्रोग्राम) चालवा. फाइल काही दहा केबींत बसते. तोच प्रोग्राम जीलिबसीने स्टॅटिक केला की सहाशे केबींच्या पुढेच जातो.

फरक कुठून येतो ते सोर्समध्ये दिसतं. बहुतेक फंक्शनना स्वतंत्र फाइल आहे, त्यामुळे लिंकर (तुकडे जोडून बायनरी बनवणारा प्रोग्राम) लागेल तेवढंच उचलतो. एक्झिटची फाइल बघा. प्रोग्राम संपताना स्टडआयओचे (इनपुट-आउटपुटच्या फंक्शनचे) बफर रिकामे व्हायला हवेत, पण तो कॉल वीक सिम्बॉलमुळे (दुसरी व्याख्या मिळाली तर मागे हटणारं नाव) एका रिकाम्या फंक्शनवर जातो. प्रिंटएफ वगैरे वापरलं तरच खरं फंक्शन त्याची जागा घेतं. एरवी स्टडआयओचं लचांड बायनरीत शिरतच नाही. स्ट्रिंगची लांबी मोजणारं स्ट्रलेन जेमतेम वीसेक ओळींचं: पत्ता वर्डच्या सीमेवर येईपर्यंत एकेक बाइट, पुढे ६४ बिटवर ८-८ बाइट. जीलिबसीची स्ट्रलेनसाठीची एव्हीएक्स२ असेंब्ली (प्रोसेसरच्या खास सूचनांत लिहिलेला कोड) लांब स्ट्रिंगवर त्याला सहज मागे टाकते, पण ती वाचायला बसून बघा!

आता त्रास. मसलमध्ये थ्रेडचा डीफॉल्ट स्टॅक (लोकल व्हेरिएबल्सची जागा) फक्त १२८ केबी. जीलिबसीत सहसा ८ एमबी. मोठा लोकल अ‍ॅरे किंवा खोल रिकर्शन असलेला कोड मेन थ्रेडमध्ये बिनबोभाट चालतो आणि दुसऱ्या थ्रेडमध्ये सेगफॉल्ट खाऊन बंद पडतो. लिंकरला झेड पर्यायातून स्टॅक-साइज १०४८५७६ द्या, १.१.२१ पासून ते मानलं जातं. मेमरी देणाऱ्या मॅलॉकला एकच ग्लोबल लॉक आहे, म्हणून सतत मेमरी मागणारे थ्रेड वाढले की रांग लागते. तिथे मॅलॉकच्या जागी मिमॅलॉक ही वेगळी लायब्ररी जोडावी.

डीएनएसचं (नावावरून मशीनचा पत्ता शोधण्याचं) वागणंही वेगळं. मसल सगळ्या नेमसर्व्हरना एकदम विचारते आणि पहिलं ठाम उत्तर घेते. एक सर्व्हर ऑफिसमधला, दुसरा बाहेरचा असेल तर बाहेरच्याचं ‘असं नाव नाही’ आधी पोचतं आणि आतलं मशीन कधी सापडतं, कधी नाही. टीसीपीवरून मोठी उत्तरं आणणं २०२३ च्या १.२.४ मध्ये आलं, त्याआधीची आवृत्ती घेऊच नका.

मसल-जीसीसी सीपुरतंच आहे. सी प्लस प्लस असेल तर अल्पाइनच्या कंटेनरमध्येच कंपाइल करा.