फ्रिज थंड करत नाही: दुरुस्त करायचा की नवा घ्यायचा? नागपूरच्या उन्हाळ्याच्या हिशेबाने

मे महिन्यात नागपुरात फ्रिज बिघडला की निर्णय घाईतच होतो. दूध नासलेलं असतं, आंब्याचा रस फसफसलेला असतो आणि मेकॅनिक "उद्या येतो" म्हणत हाती लागत नाही. मग संध्याकाळी सीताबर्डीचा बाजार गाठायचा आणि हप्त्यांवर नवा फ्रिज घेऊन यायचा. जुन्या फ्रिजमध्ये कॉम्प्रेसर सुरू करून देणारा काहीशे रुपयांचा एक रिले गेलेला होता, हे कोणाला कळतही नाही.

दुरुस्ती की नवा, असं विचारलं की पहिला प्रश्न ठरलेला: "किती वर्षं झाली?" माझ्या मते तो दुसरा प्रश्न आहे. पहिला प्रश्न हा, की बिघाड विजेच्या बाजूचा आहे की गॅसच्या बाजूचा, म्हणजे कॉम्प्रेसरचा आणि थंडावा देणारा गॅस फिरवणाऱ्या नळ्यांचा. विजेच्या बाजूचा असेल तर फ्रिज बारा वर्षांचा असला तरी दुरुस्ती परवडते. गॅसच्या बाजूचा असेल तर सात वर्षांच्या फ्रिजबाबतही नीट विचार करावा लागतो.

आधी बघा, बिघाड खरंच आहे का

फ्रिजच्या मागे किंवा आत एक पट्टी चिकटवलेली असते. तिच्यावर गॅसचं नाव असतं आणि बरेचदा हवामानाचा वर्गही असतो: एन, एसटी किंवा टी. एन वर्गाचा फ्रिज बाहेरच्या ३२ अंशांपर्यंत, एसटी ३८ पर्यंत आणि टी ४३ पर्यंत नीट चालावा, असं गृहीत असतं. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो. वरच्या मजल्यावर, तापलेल्या स्लॅबखाली, शेगडीच्या बाजूला ठेवलेल्या फ्रिजचं काय होत असेल ते बघा. नवतप्यात, म्हणजे मे अखेरच्या त्या नऊ कडक दिवसांत, त्याचा कॉम्प्रेसर दिवसभर थांबत नाही आणि बाटल्या मनासारख्या गारही होत नाहीत. हा बिघाड नाही. फ्रिजची उष्णता बाहेर पडायला जागा नाही, इतकंच.

फ्रिज भिंतीपासून वीतभर पुढे ओढा. जुन्या फ्रिजच्या पाठीवर काळी जाळी असते. तिच्यावर कूलरच्या दिवसांतली धूळ आणि फोडणीची वाफ मिळून राखाडी थर बसतो, इतका जाड की बोटाने ओढला तर पट्टीच्या पट्टी सुटते. प्लग काढून मऊ ब्रशने ती जाळी साफ करा. नव्या फ्रिजमध्ये ही जाळी दिसत नाही, कारण नळ्या दोन्ही बाजूंच्या पत्र्यांच्या आत असतात. म्हणून त्या बाजू हाताला तापलेल्या लागतात. ते ठीकच आहे, पण तिथे पिठाचा डबा टेकवून ठेवू नका.

मग दाराचं रबर. दहाची नोट दारात धरून दार लावा आणि नोट ओढा. अलगद निघून आली तर त्या जागी रबर बसत नाहीये. चारही बाजूंना असं करून बघा. कोमट पाणी आणि साबणाने खाचा धुतल्या की बरेचदा काम होतं. रबर कडक होऊन चिरलं असेल तर मात्र बदलायचं.

शेवटी व्होल्टेज. दुपारी सगळ्या गल्लीत एसी आणि कूलर सुरू असले की व्होल्टेज खाली येतं. कॉम्प्रेसर गुरगुरतो, काही सेकंदांनी टक् असा आवाज करून थांबतो आणि थोड्या वेळाने पुन्हा तेच. मेकॅनिकला "कॉम्प्रेसर गेला" असं वाटू देण्याआधी हेच रात्री उशिरा होतं का ते बघा. रात्री फ्रिज सुरळीत चालला, तर खर्च स्टॅबिलायझरवर करा. वीज जाऊन परत आली की लगेच फ्रिज सुरू न करता चार-पाच मिनिटं थांबायचं, हेही घरात सगळ्यांना सांगून ठेवा.

विजेच्या बाजूचा बिघाड: दुरुस्तीच करा

रिले, ओव्हरलोड (कॉम्प्रेसर जास्त तापला की वीज तोडणारा भाग), थर्मोस्टॅट, पंखा, बर्फ वितळवणारा डिफ्रॉस्टचा हीटर, आतला दिवा, वायरिंग. यातलं काहीही गेलं तरी फ्रिजचा जीव शाबूत असतो. टक् आवाज रात्रीही येत राहिला, तर पहिला संशय रिले आणि ओव्हरलोडवर घ्यायचा. ते बदलूनही तसंच राहिलं, तर कॉम्प्रेसर जाम असू शकतो.

फ्रॉस्ट फ्री, म्हणजे बर्फ आपोआप वितळवणाऱ्या फ्रिजमध्ये एक तक्रार नेहमीची आहे: वर फ्रीझरमध्ये बर्फ टणक, खाली भाजी कोमट. पुष्कळ लोक हे "गॅस कमी झाला" म्हणून ऐकून घेतात. पण गॅस कमी असता तर वरही धड बर्फ जमला नसता. इथे बहुधा फ्रीझरमागच्या पॅनलआड बर्फ साचून हवेची वाट बंद झालेली असते, किंवा पंखा थांबलेला असतो. घरीच ओळखता येतं. सगळं सामान शेजाऱ्यांकडे ठेवा, प्लग काढा आणि दोन्ही दारं उघडी टाकून दिवसभर तसंच राहू द्या. पुन्हा सुरू केल्यावर काही दिवस छान चालून परत तेच झालं, तर डिफ्रॉस्टचा हीटर, सेन्सर किंवा टायमर गेला आहे. भाजीच्या ट्रेखाली पाणी साचत असेल, तर पाणी जायचं भोक तुंबलंय. कोमट पाणी सोडून ते मोकळं होतं.

साध्या, म्हणजे डायरेक्ट कूल फ्रिजमध्ये हे भाग नसतातच. बोटाच्या पेराइतका बर्फ जमायच्या आत बटण दाबून वितळवायचा, एवढीच त्याची मागणी. सुरीने बर्फ खरवडू नका, हे कळकळीने सांगतो. फ्रीझरचा पत्रा पातळ अ‍ॅल्युमिनियमचा असतो आणि त्याच्या आतूनच गॅस फिरतो. सुरीचं एक टोक लागलं की विजेच्या बाजूचा साधा फ्रिज गॅसच्या बाजूला गेला.

मागे कॉम्प्रेसरवर पाण्याचा ट्रे असतो, तोही काढून धुवा. कूलरच्या टाकीइतकेच डास तिथेही होतात.

गॅसच्या बाजूचा बिघाड: इथे थांबून विचार करा

कॉम्प्रेसर अखंड चालू, मागची जाळी किंवा बाजू थंडगार, फ्रीझरच्या एकाच कोपऱ्यात थोडंसं दव. अशी लक्षणं असली की गॅस गेला आहे किंवा कॉम्प्रेसर दमला आहे. फ्रिजचा गॅस वापरून संपत नाही. नळ्या बंदिस्त असतात, त्यामुळे गॅस कमी झाला म्हणजे कुठेतरी गळती आहे. गळती न शोधता नुसता गॅस भरून देणारा मेकॅनिक पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा येणार. त्याला तीन गोष्टी विचारा: लीक कुठे सापडला, फिल्टर बदलणार का, व्हॅक्यूम लावणार का, म्हणजे गॅस भरण्याआधी नळ्यांतली हवा ओढून काढणार का? उत्तरं टाळली, तर दुसरा मेकॅनिक बघा.

लीक मागच्या उघड्या नळीत असेल तर वेल्डिंग करून काम होतं, आणि फ्रिज तरुण असेल तर जरूर करा. लीक भिंतीच्या फोममध्ये गाडलेल्या नळीत असेल तर खर्च वाढतो आणि खात्री कमी होते. तिथे मी नव्याकडे झुकतो.

गॅस कोणता, यावरही बरंच ठरतं. खूप जुन्या फ्रिजमध्ये आर-१२ असतो. ओझोनच्या थराला घातक म्हणून तो २०१० पासून भारतात बंद आहे, त्या फ्रिजवर आता पैसे घालू नका. आर-१३४ए असेल तर काम येणारे मेकॅनिक भरपूर. नव्या फ्रिजमध्ये बहुतेक आर-६००ए, म्हणजे आयसोब्युटेन असतो. तो ग्रॅममध्ये तोलून, अगदी थोडा भरायचा असतो आणि पेट घेणारा आहे. त्यात आर-१३४ए भरून देतो म्हणणाऱ्याला हात लावू देऊ नका. नळीत गॅस असताना ज्योत लावणाऱ्याला तर मुळीच नाही.

कॉम्प्रेसरच गेला असेल तर वॉरंटी कार्ड काढा. कॉम्प्रेसरवर दहा वर्षं असं लिहिलेलं असलं, तरी गॅस, मजुरी आणि कंट्रोलचं कार्ड (इलेक्ट्रॉनिक सर्किट) त्यात येतं का, ते वाचा. वॉरंटी नसेल आणि फ्रिज दहा वर्षांच्या पुढचा असेल, तर माझं उत्तर नवा घ्या, हेच.

नवा घ्यायचाच तर कोणता

दोन-तीन माणसांच्या घरात मी डायरेक्ट कूल सुचवीन. भाग कमी, वीज सहसा कमी, दुरुस्ती स्वस्त, आणि वीज गेली तर फ्रीझरमधला बर्फ बराच वेळ गारवा धरतो. एक त्रास मात्र खरा आहे: खोलीत कूलर चालू असला की हवा दमट राहते आणि बर्फ भराभर जमतो. पावसाळ्यातही तेच. पाच-सहा माणसं, दार सतत उघडणारी मुलं आणि बर्फ वितळवायला कोणाला वेळ नाही, अशा घराला फ्रॉस्ट फ्री बरा. फक्त त्यात बिघडू शकणारे भाग जास्त आहेत, हे मनाशी धरून घ्या.

इन्व्हर्टर कॉम्प्रेसर गरजेप्रमाणे वेग कमी-जास्त करून वीज वाचवतो, पण त्याचं कार्ड महाग असतं. स्टॅबिलायझरशिवाय किती व्होल्टेजपर्यंत चालतो, ते दुकानात वाचून घ्या. वीजबचतीच्या लेबलवरचे नुसते तारे मोजू नका. निकष बदलत जातात, त्यामुळे जुन्या लेबलवरचे पाच तारे आणि नव्या लेबलवरचे पाच सारखे नाहीत. लेबलवर वर्षाला किती युनिट ते छापलेलं असतं, तो आकडा ताडून बघा. जुना ४५० आणि नवा २५० युनिट घेत असेल आणि युनिट १० रुपयांनी पडत असेल, तर वर्षाला २००० रुपये वाचले. एवढ्यासाठी चांगला चालणारा फ्रिज बदलण्यात अर्थ नाही. पण गॅसच्या दुरुस्तीचा मोठा खर्च समोर आला असेल, तर हा आकडा पारडं झुकवतो.

जमेल तर हा सगळा तपास फेब्रुवारीतच उरका. होळीनंतर मेकॅनिक मिळणं अवघड होतं.

जुना फ्रिज भंगारवाल्याला देऊ नका. तो नळ्या तोडतो आणि गॅस हवेत जातो. ई-कचऱ्याच्या नियमांत फ्रिज येतो, म्हणून अधिकृत रिसायकलरकडे द्या, किंवा एक्सचेंजमध्ये देताना दुकानदाराला तो कुठे जातो ते विचारा. तोवर गच्चीवर किंवा जिन्याखाली ठेवावा लागला, तर दार काढूनच ठेवा. खेळता खेळता मूल आत अडकू शकतं.