रफल, आठ महिने वापरल्यावर: सगळं चाललं, एक 'बे एके बे' सोडून

शाळा सुरू होऊन चार दिवस झाले नसतील, हेडमास्तरांचा फोन आला. "अहो, तुमची पोरगी मुकी झालीया की!"

पोरगी माझीच, पण सहा वर्षांची असतानाची. बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातल्या एका मराठी शाळेला मी २००८ साली फ्लॅश ८ मध्ये, म्हणजे तेव्हाच्या ॲनिमेशनच्या सॉफ्टवेअरमध्ये, पाढ्यांचं ॲनिमेशन करून दिलं होतं. फळ्यावर खडू चालतो, चिमणी चोचीतून एकेक आकडा आणून ठेवते, आणि मागून आमची मुलगी म्हणते, बे एके बे, बे दुणे चार. बेळगावच्या शहापुरातल्या घरी, पंखा बंद करून, हेडफोनच्या माइकवर रेकॉर्ड केलेलं. सहाच्या पाढ्यात बाहेरची भाजीवाली ओरडते, तीही आत आलीय. कापायची राहिली. आता कापणार पण नाही.

फ्लॅश ३१ डिसेंबर २०२० ला संपलं. १२ जानेवारी २०२१ पासून, म्हणजे नेमकं जिजाऊ जयंतीच्या दिवशी, मशीनवर शिल्लक असलेल्या प्लेयरनंसुद्धा फाइली दाखवायचं सोडलं. पाढ्यांच्या जागी करडा चौकोन. तो चौकोन शाळेच्या वेबसाइटच्या पानावर तसाच पडून होता, कारण सगळं नव्यानं करून द्यायला एका पोरानं मला अठरा हजार सांगितले होते. शाळेकडं अठरा हजार नाहीत, आणि माझ्याकडं असले तरी मी देणार नव्हतो.

मग रफल. इथं येणाऱ्यांना ते काय आहे हे माहीत असणारच, म्हणून थोडक्यात: फुकट, ओपन सोर्स, रस्ट भाषेत लिहिलेला फ्लॅशचा एम्युलेटर, म्हणजे बंद पडलेल्या प्लेयरची नक्कल करून जुन्या फाइली चालवणारा. वेबअसेंब्लीवर, म्हणजे ब्राउझरच्या आतच प्रोग्राम चालवायच्या सोयीवर, चालतो, त्यामुळे बघणाऱ्याला काही टाकून घ्यावं लागत नाही. ॲक्शनस्क्रिप्ट ही फ्लॅशची प्रोग्रामिंगची भाषा, तिच्या १ आणि २ मधलं जुनं काम तो छान ओढतो, ३ चं अजून सगळं नाही. माझं काम फ्लॅश ८ मधलं, म्हणजे २ वर. आळसानं नवीन व्हर्जन शिकलो नाही, त्याचा फायदा सतरा वर्षांनी मिळाला.

पानात स्क्रिप्टची एक ओळ घातली. बस्स. पानात फ्लॅश बसवणारा जुना एम्बेड कोड, तो लांबलचक क्लासआयडीचा नंबर असलेला, तसाच ठेवला. रफल पानावरचे जुने टॅग स्वतः शोधून तिथं स्वतःला बसवतं. माझ्या दुकानाशेजारच्या झेरॉक्सवाल्या मित्राला वाटलं मी रात्रभर खपणार. दुकान बंद करताना डोकावला, "काय करुलास रे अजून?" मी नुसता मॉनिटर त्याच्याकडं वळवला. त्यानं खिशातून आयफोन काढून त्यावर उघडलं, आणि चिमणी उडाली. ज्या फोनवर फ्लॅश जन्मात कधी चालला नाही, त्या फोनवर माझं २००८ चं काम. पाच स्टार मी तिथंच मनात देऊन टाकले होते.

हे झालं दुसऱ्या दिवशी. पहिल्या दिवसाची गोष्ट वेगळी आहे, आणि ती सांगितल्याशिवाय मला झोप येणार नाही.

पहिल्या दिवशी फाइली चढवल्या, पान उघडलं, तर रफलच्याच चौकटीत निरोप: सर्व्हर वाझम (म्हणजे वेबअसेंब्लीची) फाइल योग्य माइम टाइपनं देत नाही. सर्व्हरनं प्रत्येक फाइलसोबत ब्राउझरला सांगायचं असतं की हे चित्र आहे, हे पान आहे, हे अमुक आहे. वाझमला 'ॲप्लिकेशन/वाझम' म्हणायचं. माझा सर्व्हर ते म्हणत नव्हता. निरोप इतका स्वच्छ की कारण कळायला मिनिट लागलं नाही. म्हणून होस्टिंगवाल्यांना, म्हणजे साइटला सर्व्हरवर जागा देणाऱ्यांना, तक्रार टाकली. वर्षाला २,४०० रुपये घेतात, एवढं काम तर करतील.

पहिलं उत्तर, कॅशे (ब्राउझरनं साठवून ठेवलेल्या फाइली) साफ करा. केला. दुसरं उत्तर, वर्डप्रेसचे प्लगिन बंद करून बघा. माझ्याकडं वर्डप्रेसच नाही, हे तक्रारीच्या पहिल्या ओळीत लिहिलेलं. तिसरं उत्तर, ही सोय वरच्या प्लॅनमध्ये आहे, ३,१०० रुपये जादा. मग मीच सर्व्हरला सूचना देणारी एचटीॲक्सेस फाइल उघडली आणि ॲड-टाइपची एक ओळ घातली. त्या ओळीत तीन शब्द आहेत. शब्दाला हजार रुपयांच्या वर पडले असते. ओळ घातल्या क्षणी चालू झालं. तक्रार मी मुद्दाम बंद केली नाही, ती अजून 'प्रलंबित' दिसते. दिसू दे.

आता मुक्या पोरीकडं येतो, कारण हा सगळा अनुभव मी त्यासाठीच लिहितोय. बाकीचं तुम्हाला कुठंही वाचायला मिळेल.

रफलच्या सेटिंगमध्ये ऑटोप्ले नावाची जागा आहे. तिथं तीनपैकी एक शब्द लिहायचा: ऑन, ऑफ किंवा ऑटो. मी अर्थातच ऑन लिहिलं. ॲनिमेशन आहे, आपणहून सुरू नको व्हायला? माझ्या दुकानातल्या कॉम्प्युटरवर आवाजासकट सुरू झालं. घरच्या लॅपटॉपवर पण झालं. शाळेत मात्र चिमणी उडते, खडू चालतो, आवाज नाही. वर स्पीकरचं चिन्ह येतं, त्याला बोट लावल्यावर आवाज फुटतो, पण तोवर गाडी पुढं गेलेली. पोरांना पहिल्यांदा ऐकू येतं ते "बे पंचे दहा". पहिलीच्या वर्गात पाढा मधूनच सुरू झाला की पोरं मास्तरांच्या तोंडाकडं बघतात.

मी आठवडाभर शाळेच्या लॅपटॉपला दोष देत होतो. स्पीकर बदला म्हणालो, ड्रायव्हर टाका म्हणालो. हेडमास्तर बिचारे बेळगावला येऊन स्पीकर घेऊन गेले. त्या स्पीकरचे साडेचारशे रुपये माझ्या डोक्यावर आहेत.

कारण नंतर कळलं. २०१८ पासून क्रोमचा नियम आहे की माणसानं पानावर काही दाबल्याशिवाय आवाज आपणहून सुरू होऊ द्यायचा नाही. सफारीही तसंच करतं. पण डेस्कटॉपवरचा क्रोम हिशेब पण ठेवतो, हा माणूस कुठल्या साइटवर आवाज ऐकत बसतो ते. जिथं जास्त बसतो, तिथं सूट देतो. मी माझं पान दिवसातून चाळीस वेळा उघडत होतो, म्हणून मला सूट. शाळेचा लॅपटॉप परका. म्हणजे जो बनवतो त्याला ही अडचण कधीच दिसणार नाही, आणि ज्याच्यासाठी बनवलं त्याला रोज दिसणार. तपासायचं असेल तर इन्कॉग्निटोमध्ये (ब्राउझरच्या जुना हिशेब न धरणाऱ्या खिडकीत), नाहीतर दुसऱ्याच्या फोनवर. हे मला कुणीतरी मे महिन्यात सांगायला हवं होतं.

त्यात माझा आवाज 'स्ट्रीम' जातीचा. फ्लॅशवाल्यांना आठवत असेल, आवाज 'इव्हेंट' ठेवला की तो आपल्या तंद्रीत वाजतो, 'स्ट्रीम' ठेवला की फ्रेमला बांधलेला असतो. चोच टेकली की आकडा ऐकू यायला हवा, म्हणून मी स्ट्रीम ठेवला होता, बारा फ्रेम सेकंदाला. चूक नव्हतीच ती. पण म्हणूनच चित्र पुढं गेलं की आवाजाचं तोंड पण पुढं जातं.

इलाज काय, तर ऑफ. त्रिकोण दिसतो, मूल तो दाबतं, आणि दाबलं म्हणजे परवानगी मिळाली. "बे एके बे" पहिल्यापासून, स्पष्ट. ऑटो लिहिलं तरी बहुतेक ठिकाणी तेच होतं, पण ब्राउझरच्या मर्जीवर. मला मर्जी नको होती.

इथं मला माझंच हसू आलं. फ्लॅशमध्ये कंट्रोल-शिफ्ट-एफ१२ दाबलं की पब्लिश सेटिंगची खिडकी यायची. एचटीएमएलच्या पानावर प्लेबॅकखाली चार चौकोन: पॉज्ड ॲट स्टार्ट, लूप, डिस्प्ले मेनू, डिव्हाइस फॉन्ट. पहिल्या चौकोनात मी आयुष्यात कधी टिक केली नाही. मला वाटायचं, ही सोय कुठल्या वेड्यासाठी ठेवलीय? आणि २००६ मध्ये पेटंटच्या भानगडीमुळं इंटरनेट एक्सप्लोरर प्रत्येक फ्लॅशवर 'आधी क्लिक करा' म्हणायला लागला, तेव्हा ते एक क्लिक वाचवायला आम्ही सगळ्यांनी प्रत्येक पानात वेगळी जावास्क्रिप्टची फाइल जोडली होती. माझ्या एकट्याची तीसेक पानं होती. आता तेच क्लिक मी हातानं परत घालतोय.

बाकीच्या गोष्टी पटापट. स्केल, क्वालिटी, डब्ल्यूमोड ही फ्लॅशच्या सेटिंगची जुनी नावं रफलमध्येही तशीच आहेत, जुन्या माणसाला घरी आल्यासारखं वाटतं. पूर्वी डब्ल्यूमोड 'विंडो' ठेवला की पानाचा खाली उघडणारा मेनू फ्लॅशच्या मागं लपायचा आणि गिऱ्हाईक फोन करायचं. ते दुखणं आता नाही.

अपडेटच्या वेळी मात्र मी माती खाल्ली. रफलची नवी आवृत्ती जवळजवळ रोज येते. मी ऑगस्टमध्ये फक्त मुख्य जावास्क्रिप्ट फाइल बदलली, बाकीच्या जुन्याच ठेवल्या. त्या फाइलींच्या नावात प्रत्येक वेळी वेगळी अक्षरं असतात आणि मुख्य फाइल नेमकं नवं नाव शोधते. ते सापडेना, पान कोरं. हा दोष सर्वस्वी माझा. अपडेट करायचं तर अख्खं फोल्डर, नाहीतर चाललंय ते चालू दे.

फॉन्टचा त्रास मात्र खरा. ॲनिमेशनमधला मजकूर जसाच्या तसा दिसतो, कारण साध्या स्टॅटिक टेक्स्टची अक्षरं फाइलमध्येच साठवलेली असतात. पण शेवटी एक चौकट आहे, 'शाब्बास' किंवा 'पुन्हा म्हण'. ती डायनॅमिक, म्हणजे चालताना मजकूर बदलणारी, श्रीलिपीच्या फॉन्टमध्ये, आणि फॉन्ट मशीनवर आहे असं धरून चाललेली. तेव्हा शाळेच्या मशीनवर होता. ते फॉन्ट युनिकोडच्या (प्रत्येक लिपीला स्वतःचे आकडे देणाऱ्या पद्धतीच्या) आधीचे, आतून इंग्रजी अक्षरं, वरून मराठी सोंग. फॉन्ट गेला की सोंग उतरतं. पोराचं गणित बरोबर आलं की पडद्यावर इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांची खिचडी. एका पोरानं हेडमास्तरांना विचारलं, सर, शिवी दिली काय?

मूळ फाइल हवी होती. माझी हार्डडिस्क २०१३ मध्येच गेली. शाळेच्या कपाटात, हजेरीपटांच्या खाली, सीडी सापडली. दुकानातल्या जुन्या विंडोज एक्सपीच्या डबड्यावर उघडली, ती चौकट निवडून 'एम्बेड' दाबलं, अक्षरं आत भरली, पुन्हा एक्स्पोर्ट. दहा मिनिटांचं काम. सीडी वाचायला ड्राइव्हनं पाऊण तास घेतला आणि मध्ये दोनदा लाइट गेली.

आता मत कुठं बदललं ते. जूनमध्ये मी म्हणत होतो, जे जे जुनं फ्लॅश आहे ते सगळं रफलवर टाका. कुंदा (बेळगावची मिठाई) विकणाऱ्या एका गिऱ्हाइकाचं जुनं बॅनर होतं, कढईतून वाफ येते आणि दुकानाचं नाव उमटतं. तेही टाकलं. दोन महिन्यांनी काढलं. माझी फाइल ३४० केबी, आणि ती चालवायला रफलचं स्वतःचं ओझं कित्येक एमबीचं. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. पहिल्या वेळी उतरलं की पुढं कॅशेमध्ये राहतं हे खरं, पण मिठाईच्या दुकानाच्या साइटवर माणूस दुसऱ्यांदा येतो कशाला? एकदा पत्ता बघतो आणि दुकानातच जातो. त्या बॅनरचा सरळ व्हिडिओ केला, आवाज मुळातच नव्हता. व्हिडिओ टॅगमध्ये ऑटोप्ले, म्यूटेड, लूप आणि प्लेज-इनलाइन हे चार शब्द. म्यूटेड विसरलात तर काही ब्राउझरमध्ये सुरूच होणार नाही, प्लेज-इनलाइन विसरलात तर आयफोनवर वाफ अख्ख्या पडद्यावर येते. जिफ करू नका, २५६ रंगांत कुंद्याचा रंग शेणासारखा दिसतो. करून बघितलाय.

तेव्हा, जिथं मूल काही दाबतं, उत्तर देतं, तिथं रफल. नुसतं बघायचं असेल तर व्हिडिओ. तालुक्यातल्या जांबोटी-कणकुंबीकडच्या पोरांना घरी फोनवर पहिल्यांदा उघडायला वेळ लागतो, तो लागणारच. शाळेत एकदा उघडून द्या असं हेडमास्तरांना सांगितलंय, पण शाळेच्या लॅपटॉपचा कॅशे घरच्या फोनला काय कामाचा, हे मला घरी परत येताना एसटीत सुचलं.

चार स्टार. एक स्टार मी आवाजासाठी कापला होता, त्यात रफलचा दोष नाही हे आता पटलंय, पण दिलेला आकडा बदलायला मला कंटाळा येतो.

गेल्या आठवड्यात त्याच आवारातल्या कन्नड शाळेच्या बाई दुकानात आल्या. आमच्या पोरांना पण असंच हवं, म्हणाल्या, एरडोंदलि एरडु, एरडेरडलि नाल्कु, म्हणजे कन्नडमधलं बे एके बे, बे दुणे चार. चिमणी तीच चालेल, आवाज त्यांच्या मुलाचा. फ्लॅशमध्ये नाही करणार, साध्या एचटीएमएलमध्ये करतो म्हटलं. कागदावर पहिली चौकट काढून दाखवली: कोरा फळा, फांदीवर बसलेली चिमणी, आणि मधोमध बटण. बाईंनी विचारलं, आपोआप नाही का सुरू होणार?