दहावीआधीची सुट्टी: बेळगावचा क्लास की घरचा अभ्यास?

खानापूरच्या मावशींचा परवा फोन आला. पोरगी नववी पास झाली, आता एप्रिल-मेची सुट्टी बेळगावच्या क्लासला घालवायची की घरीच अभ्यास करायचा?

खर्चाचं बघू. मुलींना 2023 पासून कर्नाटक सरकारच्या शक्ती योजनेत सरकारी बस फुकट, त्यामुळे प्रवासाचे पैसे लागत नाहीत. मुलगा असेल तर फीवर बसचा पासही आला. घरी खर्च जवळजवळ शून्य. दहावीची पुस्तकं सरकारी साईटवरून मोफत उतरवता येतात, वरच्या वर्गातल्या ताईची जुनी मिळाली तर उत्तमच.

खरा प्रश्न वेळेचा आणि भाषेचा. जाऊन-येऊन उन्हात दोन-अडीच तास जातात, आल्यावर पोर भिंतीला टेकून झोपतं. त्यात क्लासमध्ये शिकवणं इंग्रजीतून किंवा कन्नडमधून. आपली मुलं मराठी माध्यमाची. सर ‘क्वाड्रॅटिक इक्वेशन’ म्हणतात आणि ही वहीत ‘वर्गसमीकरण’ शोधत बसते. फी भरण्याआधी हे विचाराच, मावशी.

मात्र कन्नडचं वेगळं. दहावीच्या 625 गुणांपैकी मराठीचे 125, बाकी पाच विषय 100-100 चे, त्यातच कन्नडही. घरी कन्नड कानावर पडत नसेल तर ते एकट्यानं सुधारत नाही. शेजारच्या कन्नड काकूंकडे रोज अर्धा तास वाचून दाखवलं तरी चालतं.

गणिताचा पाया कच्चा असेल, घरी विचारायला कोणी नसेल, तर मराठीतून समजावणारा क्लास लावा. स्वतःहून पहाटे पुस्तक उघडणाऱ्या मुलीला घरीच राहू द्या.