धम्मगिरी, इगतपुरी: बसणं नव्हे, सेवा कशी वाटते?

धम्मगिरी हे विपश्यना ध्यानाचं केंद्र. दहा दिवसांच्या विपश्यना शिबिराबद्दल भरपूर लिहिलं जातं. धम्मसेवेबद्दल, म्हणजे शिबिरात स्वयंसेवक म्हणून काम करण्याबद्दल, फारसं कोणी बोलत नाही. खरं तर ध्यान रोजच्या कामात उतरतं की नाही, हे तिथेच कळतं.

अट एकच महत्त्वाची: सत्यनारायण गोयंकांच्या परंपरेतलं किमान एक दहा दिवसांचं शिबिर पूर्ण केलेलं हवं. राहणं-जेवण मोफत, मोबदला शून्य. काम म्हणजे भाजी चिरणं, वाढणं, भांडी, पहाटे चारची घंटा. दिवसातून तीनदा, सकाळी 8, दुपारी 2.30 आणि संध्याकाळी 6 वाजता, सगळ्यांसोबत तासभर ध्यानाला बसायचं. रात्री आचार्यांसोबत थोडी मंगल मैत्री, म्हणजे सगळ्यांचं भलं चिंतणारं ध्यान.

गडबड होते ती नेमकी या तीन तासांत. नवा सेवक उत्साहाने काम अंगावर घेतो, 2.30 ची बैठक बुडवतो, आणि चौथ्या-पाचव्या दिवशी मिठावरून कुणावर तरी खेकसतो. कांदा राहिला तर राहू दे, बैठक चुकवू नका. दुसरी चूक गप्पांची. सेवकांना शिबिरार्थींसारखं आर्य मौन, म्हणजे पूर्ण अबोला, नसतं, पण शिबिरार्थींच्या कानावर हसणं गेलं की त्यांचा दिवस गेला.

पावसाळ्यात छत्री आणि सुकायला वेळ लागणार नाही असे कपडे हवेतच. इगतपुरीचा पाऊस ओळखीचा आहेच. व्यवस्था साधी, शिस्त कडक, थोडी जाचकही.

परतल्यावर घरीही सकाळ-संध्याकाळ एकेक तास ध्यानाला बसायचं असतं. संध्याकाळचा तास जेवणाआधी ठेवा, नंतर डुलक्याच येतात.