ॲल्युमिनियमच्या होडीचं कुजलेलं लाकूड बदललं: एका पावसाळ्यानंतरचा अनुभव

मार्चअखेर होडी परत पाण्यात घातली, आता डिसेंबर चालू आहे. मध्ये अख्खा पावसाळा गेला, तेरेखोल नदीत चाळीसेक फेऱ्या झाल्या. काम झाल्या झाल्या लिहिलं असतं तर ते नुसतं कौतुक झालं असतं, म्हणून थांबलो.

होडी 14 फुटी, रिव्हेटची, काकांनी घेतलेली. आमच्या गोव्यातल्या पेडण्याकडे सगळ्यांच्या होड्या लाकडाच्या नाहीतर फायबरच्या. ॲल्युमिनियमचं काम विचारायचं कुणाला, इथूनच सुरुवात होती. पत्रा ठणठणीत होता. गेलं होतं ते आतलं लाकूड: ट्रान्सम, म्हणजे इंजिन लटकतं ती मागची फळी, आणि पायाखालचा फ्लोअर. इंजिन 15 एचपीचं, वजन चाळीस किलोच्या आसपास. रेस दिली की ते मागच्या मागे कलायचं. मी बोल्ट आवळत गेलो आणि वॉशर लाकडात रुतत गेले. शेवटी आतला पत्रा सोडवला, तर प्लाय बोटांनी निघाला, उकळून गाळलेल्या चहाच्या चोथ्यासारखा. पत्र्याच्या आतल्या बाजूला पांढरी पूड धरली होती आणि ती खरवडल्यावर खाली बारीक खड्डे दिसले. ओलं लाकूड ॲल्युमिनियमला चिकटून राहिलं की धातूही असा खाल्ला जातो.

माझा समज होता की खाऱ्या पाण्याने लाकूड कुजतं. तसं नाही. मिठात बुरशी सहसा तग धरत नाही. लाकूड कुजवतं ते पावसाचं गोडं पाणी. आमची होडी नदीत कुजली नाही, अंगणात माडाखाली चार महिने उभी राहून कुजली. वरून झाकलेली, पण बोल्टच्या भोकांतून पाणी आत जात होतं आणि बाहेर पडायला वाट नव्हती.

शेजारचे मेस्त, म्हणजे सुतार, म्हणाले, सागवानाची फळी घाला, बघायला नको. लाकडाच्या होडीत त्यांचं म्हणणं सोळा आणे खरं. पण दोन पत्र्यांच्या मध्ये दाबून बसवायची फळी फुगायला नको आणि तडकायलाही नको, म्हणून मी प्लायच घेतला, 19 मिलिमीटरचे दोन थर एकमेकांना चिकटवून. पहिल्यांदा आणलेल्या शीटवर मरीनचा शिक्का होता. सवयीने एक तुकडा चुलीवर पातेल्यात दिवसभर उकळला आणि संध्याकाळी त्याचे पापुद्रे सुटले. ती शीट परत केली, दुसरीकडून आयएस 710 ची, म्हणजे मरीन प्लायच्या भारतीय मानकाची, आणली. तिचा तुकडा तीन दिवस उकळूनही जसाच्या तसा राहिला.

इथे एक गोष्ट कळकळीने सांगतो. मरीन प्लायला बुरशी-वाळवीचं औषध मारलेलं असतं आणि त्यातल्या काही औषधांत तांबं असतं. तांबं, ओल आणि ॲल्युमिनियम एकत्र आले की ॲल्युमिनियम झिजतं. त्यामुळे नुसता प्लाय पत्र्याला टेकवायचाच नाही. सगळ्या बाजूंनी इपॉक्सीचे (राळ आणि हार्डनर कालवून घट्ट होणारा लेप) तीन हात दिले, कडांना चार, कारण पाणी पिते ती कड.

इपॉक्सी स्लो हार्डनरवालं, म्हणजे हळू घट्ट होणारं, घ्या. मार्चमध्ये दुपारी एक मग कालवला, तर ब्रश बुडवेपर्यंत तो हातात तापून घट्ट झाला. त्यानंतर सगळं काम पहाटे केलं, थोडं थोडं कालवून. दमट हवेत वाळलेल्या थरावर मेणासारखा चिकट पापुद्रा येतो. तो पाण्याने आणि स्क्रबरने धुतल्याशिवाय पुढचा हात धरत नाही. माझा एक थर असाच उचकटला, पुन्हा घासावा लागला.

बोल्टची भोकं हा सगळ्या कामाचा जीव आहे. 8 मिलिमीटरच्या बोल्टसाठी आधी 14 मिलिमीटरचं भोक पाडलं, ते दाट इपॉक्सीने पूर्ण भरलं आणि सुकल्यावर मधोमध 8 चं पाडलं. म्हणजे बोल्ट लाकडाला कुठेच शिवत नाही. बोल्ट 316 स्टेनलेसचे, म्हणजे खाऱ्या पाण्यात सहज न गंजणाऱ्या पोलादाचे, पत्र्याशी नायलॉनचे वॉशर, वर पॉलियुरेथेन सीलंट. सिलिकॉन वापरू नका, ते सुटतं आणि त्यावर नंतर दुसरं काहीच चिकटत नाही. सीटखालचा फोमही काढला. पाणी पिऊन तो इतका जड झाला होता की एक ठोकळा उचलायला दोन हात लागले.

खर्च सगळा मिळून 19 हजारांच्या घरात गेला, मजुरी नाही, सहा आठवड्यांचे रविवार आणि पहाटा.

आता निकाल. पावसात होडी नाळ, म्हणजे पुढचं टोक, उंच करून, मागचं बूच काढून ठेवली. ऑक्टोबरात इंजिनाचा एक बोल्ट मुद्दाम काढला आणि भोकात काडीला गुंडाळलेला कागद फिरवला. कागद कोरडा निघाला. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ट्रान्सम ठोकत गेलो, सगळीकडे टणटणीत आवाज. चणक माशाच्या मागे भर वेगात गेलो तरी इंजिन जागचं हललेलं नाही.

फ्लोअरचं मात्र तसं नाही. तिथे घाईत स्क्रू सरळ मारले, भोकं भरली नाहीत. उजव्या कोपऱ्यात दोन स्क्रूंभोवती रुपयाएवढा काळा डाग आला आहे आणि ठोकल्यावर तिथे बद्द वाजतं. पत्रा अजून स्वच्छ आहे. जानेवारीत तेवढा तुकडा कापून काढणार आणि उरलेले चौदा स्क्रू उपसून प्रत्येक भोक ट्रान्समसारखं भरून घेणार.